पॉलिकार्बोनेटचे छप्पर: चौकटीपासून पहिल्या पावसापर्यंत

गोव्यातल्या डिचोलीच्या आमच्या घरी तुळशीवृंदावनापुढच्या अंगणावर घातलेले पॉलिकार्बोनेटचे पहिले छप्पर चार पावसाळेही धड टिकले नाही. दुपार झाली की ते कटकट वाजत असे, स्क्रूंभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा पडल्या, शीटच्या पोकळ नळ्यांत शेवाळ धरले आणि वरची बाजू पिवळी पडत गेली. माल खोटा नव्हता. बसवणाऱ्याने ती शीट लोखंडी पत्रा ठोकावा तशी घट्ट ठोकली होती, आणि मीही शेजारी उभा राहून मान डोलावली होती. त्यानंतर ओळखीच्या दहा-बारा घरांतली बाल्कांवे (दारापुढच्या बसायच्या जागा), पडव्या आणि गच्च्या पाहिल्या तेव्हा जवळजवळ सगळीकडे त्याच चुका त्याच क्रमाने झालेल्या आढळल्या.

पॉलिकार्बोनेट उन्हात वाढते आणि रात्री आकसते. त्याला हलायला जागा हवी आणि त्यावर पडलेल्या पाण्याला निघून जायला वाट हवी. खाली दिलेला प्रत्येक टप्पा या दोनपैकी एका गरजेसाठी आहे. उदाहरणासाठी भिंतीपासून पुढे ३ मीटर आणि रुंदीला सुमारे ४.२ मीटर एवढे छप्पर आणि ६ मिलीमीटर जाडीची दुपदरी पोकळ शीट धरली आहे.

१. माल घेण्यापूर्वी

बाजारात दोन प्रकार मिळतात. एक भरीव, काचेसारखी दिसणारी शीट आणि दुसरी पोकळ, म्हणजे दोन पातळ पडद्यांमध्ये उभ्या भिंती घालून नळ्या केलेली शीट. «हातोडा मारला तरी फुटत नाही» ही ख्याती भरीव शीटची आहे. ६ मिलीमीटरच्या पोकळ शीटचे दोन्ही पडदे कागदी पुठ्ठ्याइतके पातळ असतात आणि माडावरून पडलेला नारळ त्यांतून आरपार जातो. छपरावर माडाची सावली पडत असेल तर पोकळ शीट घेऊ नये. पाडेल्याला, म्हणजे नारळ पाडणाऱ्याला, वेळच्या वेळी बोलावण्याची शिस्त असली तरी घेऊ नये.

सावलीसाठी आणि उष्णता कमी करण्यासाठी दुधी किंवा तपकिरी रंग बरा. पूर्ण पारदर्शक शीटखाली एप्रिलच्या दुपारी बसवत नाही, आणि नंतर वरून हिरवी जाळी टाकावी लागते, म्हणजे उजेडासाठी दिलेले पैसे वायाच गेले.

जाडीच्या बाबतीत फसवणूक सोपी असते, कारण ६ मिलीमीटर हे माप बाहेरून बाहेरचे असते आणि आतले पडदे किती पातळ केले आहेत ते दिसत नाही. त्यावर उपाय वजनाचा. ६ मिलीमीटरच्या चांगल्या दुपदरी शीटचे वजन चौरस मीटरला सुमारे १.३ किलो भरते. म्हणजे २.१ मीटर रुंद आणि ३ मीटर लांब तुकडा साधारण आठ किलोंचा असायला हवा. दुकानातल्या तराजूवर गुंडाळी ठेवायला सांगावे. साडेपाच-सहा किलो भरली तर नमस्कार करून निघावे. भरीव ३ मिलीमीटर शीटचे वजन चौरस मीटरला ३.६ किलो असते.

तिसरी गोष्ट अतिनील किरणांपासून रक्षण करणाऱ्या थराची. हा थर बहुतेक शीटना एकाच बाजूने असतो आणि त्याची जाडी साधारण ५० मायक्रॉन, म्हणजे केसाएवढी, असते. संरक्षक फिल्मवर ती बाजू छापलेली असते. छपाई नसलेली, दोन्हीकडे कोरी फिल्म असलेली शीट घेऊ नये.

*तपासणी:* बिलावर कंपनीचे नाव, जाडी आणि पिवळेपणाविरुद्धची हमी किती वर्षांची हे लिहून घेतले का?

२. चौकट: शीट आणण्याआधी पूर्ण

सगळ्यांत महाग पडणारी चूक येथे होते. शीट २.१ मीटर, म्हणजे २१० सेंटीमीटर रुंद असते. बोलताना आपण तिला «सात फुटी» म्हणतो आणि वेल्डिंग करणारा दोन वाशांच्या मध्यांमध्ये नेमके सात फूट, म्हणजे २१३ सेंटीमीटर अंतर ठेवतो. जोडावरची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी शीटची कड दोन्ही बाजूंनी सुमारे २ सेंटीमीटर धरून ठेवते. तीन सेंटीमीटर कमी पडले की ही पकड नावापुरती उरते आणि मे महिन्याच्या वळवाच्या वाऱ्यात शीट पट्टीतून सुटून फडफडू लागते. वाशांच्या मध्यांमधले अंतर २११ ते २१२ सेंटीमीटर ठेवावे. कागदावर फूट लिहूच नये. सगळी मापे सेंटीमीटरमध्येच द्यावीत.

आडव्या पट्ट्या ६ मिलीमीटरच्या शीटखाली ६० सेंटीमीटरपेक्षा दूर नसाव्यात. त्याहून लांब ठेवल्या तर शीट मध्ये झोळीसारखी खाली येते आणि त्या झोळीत पाणी साचते.

उताराला किमान ५ अंश पुरतात असे सांगितले जाते. तो आकडा कमी पावसाच्या प्रदेशासाठी ठीक आहे. आपल्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलीमीटर पाऊस पडतो आणि वर फणसाची, आंब्याची पाने गळतात, म्हणून १० अंशांपेक्षा कमी उतार मी कोणालाच सुचवत नाही. १० अंश म्हणजे दर मीटरला सुमारे १८ सेंटीमीटर उतरण. ३ मीटरच्या छपराला भिंतीकडची कड समोरच्या कडेपेक्षा सुमारे ५३ सेंटीमीटर, म्हणजे पावणेदोन फूट उंच हवी. हे डोळ्यांनी ठरवू नये, पाण्याच्या नळीने पातळी घेऊन ठरवावे.

जुन्या घरांच्या भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या असतात. चिरा मऊ आणि भोकाभोकांचा असल्याने त्यात साधा फास्टनर आवळला की तो आतच फिरत राहतो. शक्य तेथे आरपार बोल्ट घ्यावा, नाहीतर भिंतीलगतही खांब द्यावेत. वारा छपराला खालून वर उचलतो, तेव्हा खरी परीक्षा याच जोडांची असते.

वेल्डिंग, घासकाम आणि रंग हे सगळे शीट येण्याआधी संपवावे. ठिणगी पडली की शीटला काळा डाग पडतो तो कायमचा, आणि ओल्या तैलरंगातल्या थिनरची वाफ पॉलिकार्बोनेटला बाधते. रंग दिल्यावर निदान चार-पाच दिवस जाऊ द्यावेत. ज्या पट्टीवर शीट टेकते तिची वरची बाजू पांढरी रंगवावी, कारण काळी किंवा गर्द तांबडी पट्टी उन्हात तापून शीटला खालून भाजते.

*इशारा:* घराबाहेर नवे छप्पर घालण्यासाठी पंचायत किंवा पालिकेची परवानगी लागते का, हे वेल्डरला आगाऊ रक्कम देण्याआधी विचारावे.

३. शीट घरी आल्यावर

शीट उन्हात ठेवू नये. एकावर एक रचलेल्या शीटमध्ये उष्णता कोंडते आणि फिल्मचा डिंक पृष्ठभागाला असा चिकटतो की नंतर ती नखाने खरवडून काढावी लागते. गुंडाळी उघडून पडवीत किंवा खोलीत सपाट फळ्यांवर ठेवावी, आणि नळ्यांची तोंडे तात्पुरत्या कागदी चिकटपट्टीने बंद करावीत. हा सल्ला फाजील वाटेल, पण आमच्याकडे दोनच आठवडे उघड्या राहिलेल्या नळ्यांच्या तोंडांत कुंभारीण माशीने मातीची घरे केली होती. ती फुंकून निघत नाहीत, पाण्याने धुतली तर चिखल नळीत आणखी आत सरकतो, आणि उन्हाकडे पाहिले की त्या काळ्या गाठी अजूनही दिसतात.

४. कापणे

नळ्या नेहमी उताराच्या दिशेनेच असल्या पाहिजेत, म्हणजे आत शिरलेला किंवा आतच धरलेला ओलावा खाली वाहून जातो. शीट वाचवण्यासाठी ती आडवी फिरवून बसवली तर प्रत्येक नळी ही एक छोटी पन्हळ होते, मात्र वाट नसलेली. कापण्याआधी शीटवर कागदी चिकटपट्टी लावून त्यावर «वर» असा शब्द आणि बाण काढावा. पट्टी फिल्म छापलेल्या बाजूवर लावावी. थेट शीटवर मार्करने लिहू नये.

बारीक दातांचे पाते लावलेली कटर मशीन चांगली. ६ मिलीमीटरची पोकळ शीट धारदार कटरनेही दोन फेऱ्यांत कापता येते, पण शीटखाली संपूर्ण लांबीचा आधार हवा. ग्राइंडरची दगडी चकती वापरू नये. ती कापत नाही, वितळवते, आणि वितळलेली कड नळ्या बुजवते.

लांबी कापताना प्रसरणाचा हिशोब येथेच करावा. पॉलिकार्बोनेट दर मीटरला, दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.०६५ मिलीमीटर वाढते. लोखंडाच्या पाचपटीहून अधिक. पहाटे २२ अंशांवर असलेली शीट भर दुपारी ६० अंशांच्या पुढे जाते. ४० अंशांचा फरक धरला तर ३ मीटर लांबीत साधारण ८ मिलीमीटर आणि २.१ मीटर रुंदीत साडेपाच मिलीमीटर वाढ होते. तेवढी मोकळी जागा भिंतीकडे आणि जोडांत सोडलीच पाहिजे. सकाळच्या गारव्यात काम करत असाल तर ही जागा पूर्ण सोडावी, कारण शीट तेव्हा आपल्या सर्वांत लहान मापात असते.

कापून झाल्यावर नळ्यांतला भुसा हवेच्या पंपाने उडवून टाकावा. पंक्चर काढणाऱ्याकडचा कॉम्प्रेसर मिळाला तर उत्तम. आत राहिलेला भुसा पुढे शेवाळाला आसरा देतो.

५. तोंडे बंद करणे

वरच्या, म्हणजे भिंतीकडच्या कडेला अखंड अ‍ॅल्युमिनियमची चिकटपट्टी लावावी. खालच्या कडेला सूक्ष्म छिद्रांची, हवा खेळू देणारी पट्टी लावावी. ती धूळ आणि मुंग्या अडवते पण आतला ओलावा बाहेर सोडते. दोन्हीकडे एकच बंद पट्टी लावणे ही सर्वसाधारण चूक आहे. दुकानदार एकच रीळ देतो, आपण विचारत नाही, आणि वर्षभरात नळ्यांत घाम धरून हिरवळ उगवते. दोन्ही पट्ट्यांवर यू आकाराची टोपी चढवावी आणि खालच्या टोपीला दर फुटावर एक बारीक भोक ठेवावे.

*तपासणी:* हातातली पट्टी उजेडाकडे धरावी. छिद्रे दिसली तर ती खालची, नाही दिसली तर ती वरची.

६. बसवणे

काम दोघांनी करावे आणि वाऱ्याच्या दिवशी करू नये. एवढी मोठी आणि एवढी हलकी वस्तू वाऱ्यात शिडासारखी वागते.

प्रथम शीटच्या चारही कडांची फिल्म पाच-सात सेंटीमीटर मागे सोलावी, म्हणजे ती पट्ट्यांखाली अडकणार नाही. उरलेली फिल्म काम संपेपर्यंत तशीच ठेवावी. बसवणारे घाईघाईने जमिनीवरच दोन्ही बाजू सोलून टाकतात. सोललेल्या शीटच्या दोन्ही बाजू अगदी सारख्या दिसतात आणि मग वर कोणती बाजू गेली हे देवालाच ठाऊक. आमच्या पहिल्या छपराचा पिवळेपणा याच घाईतून आला: दोन शीटपैकी एक उलटी गेली होती, आणि दुसऱ्याच पावसाळ्यानंतर दोघींच्या रंगातला फरक रस्त्यावरून दिसू लागला.

शीटवर पाय देऊ नये. दोन आडव्या पट्ट्यांवर टेकेल अशी रुंद फळी टाकून तिच्यावरून वावरावे, आणि फळीला खालून गोणपाट बांधावे.

भोके आधी पाडावीत. सेल्फ ड्रिलिंग स्क्रू थेट शीटमधून पट्टीत घुसवण्याची पद्धत पत्र्यासाठी आहे. स्क्रूची जाडी ६ मिलीमीटर असेल तर शीटमधले भोक ९ ते १० मिलीमीटरचे हवे, म्हणजे शीट सरकली तरी स्क्रूवर आपटत नाही. भोक कडेपासून निदान ४ सेंटीमीटर आत असावे. स्क्रू स्टेनलेस स्टीलचा घ्यावा. समुद्रकिनाऱ्यापासून जवळ, मोरजी-कळंगुटच्या पट्ट्यात, ३१६ दर्जाचा घेतला तर पैसे वसूल होतात, कारण साध्या मुलाम्याच्या स्क्रूचे डोके खाऱ्या हवेत गंजते आणि त्याचे तांबडे ओघळ शीटवर उतरतात.

वॉशर किमान २५ मिलीमीटर रुंद आणि खाली ईपीडीएम (ऊन-पावसात टिकणारे कृत्रिम) रबर असलेला हवा. मऊ पीव्हीसीचे वॉशर स्वस्त पडतात, पण त्यांतले तेलकट द्रव्य पॉलिकार्बोनेटमध्ये झिरपून त्याला चिरा पाडते. कोळ्याची जाळी म्हणून वर जे लिहिले ते बहुधा याचेच काम होते, शिवाय स्क्रू मर्यादेबाहेर आवळले होते.

किती आवळावा हे सांगणे कठीण आणि दाखवणे सोपे. रबर शीटला टेकून किंचित पसरले की थांबावे. त्यानंतर दोन बोटांनी वॉशर फिरवून पाहावा: जोर लावल्यावर थोडा फिरला तर बरोबर, मुळीच न हलला किंवा त्याच्याभोवती शीटला खळगा पडला तर अर्धा आटा सैल करावा. ड्रिल मशीनची ताकद सर्वांत कमी आकड्यावर ठेवावी आणि शेवटचे दोन आटे हातानेच द्यावेत. कारागिराला हे पटत नाही. «साहेब, सैल राहील, वाऱ्याने उडेल,» असे तो म्हणतो. शीट उडू न देण्याचे काम वॉशरची रुंदी, स्क्रूंची संख्या आणि कडेच्या पट्ट्यांची पकड करते. आवळण्याचा जोर नव्हे. आडव्या पट्टीवर दर ३० ते ४० सेंटीमीटरला एक स्क्रू पुरतो.

दोन शीटच्या जोडावर तळपट्टी आणि वरची झाकणपट्टी अशी अ‍ॅल्युमिनियमची जोडी वापरावी. शीट एकमेकींवर चढवून स्क्रू मारू नयेत. पोकळ शीट पत्र्यासारखी एकीवर एक बसत नाही आणि त्या फटीतून पाणी केशाकर्षणाने वर चढते.

शीट कमानीत वाकवायची असेल तर ती नळ्यांच्या लांबीच्या दिशेनेच वाकवावी, आणि ६ मिलीमीटरला कमानीची त्रिज्या एक मीटरच्या वरच ठेवावी. नळ्यांना आडवे वाकवले तर त्या चेपतात.

७. भिंतीचा सांधा आणि सिलिकॉन

शीट भिंतीला भिडवू नये. आधी काढलेली फट ठेवावी आणि तिच्यावर अ‍ॅल्युमिनियमची झुकती पट्टी भिंतीच्या गिलाव्यात खाच पाडून बसवावी. सिलिकॉन त्या खाचेत भरावे. शीट आणि भिंत यांच्यामधली फट सिलिकॉनने लिंपून टाकली तर पहिल्या उन्हाळ्यातच ते फाटते.

सिलिकॉनची नळी घेताना तिच्यावर «न्यूट्रल» लिहिलेले पाहावे. न्हाणीघरात वापरतात ते साधे सिलिकॉन सुकताना आम्ल सोडते आणि ते पॉलिकार्बोनेटला चालत नाही. छापील अक्षरांवर विश्वास नसेल तर थेंबभर बोटावर घेऊन वास घ्यावा. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ती नळी न्हाणीघरासाठीच ठेवावी.

पन्हळीत कंजूसपणा करू नये. तासाला ५० मिलीमीटर या वेगाने पाऊस कोसळला तर एवढ्याशा छपरावरून तासाभरात सहाशे लिटरांहून अधिक पाणी उतरते. शीटची खालची कड पन्हळीच्या आत पाच-सहा सेंटीमीटर आली पाहिजे, नाहीतर पागोळ्या मागे वळून थेट लोखंडी पट्टीवर गळतात.

८. त्याच दिवशी करायची कामे

दोन्ही बाजूंची फिल्म त्याच संध्याकाळी काढावी. «पावसापर्यंत राहू दे, धूळ बसणार नाही» हा विचार आपल्याला महागात पडतो: आठवडाभराच्या उन्हात ती भाजून चिकटते.

मग नळाची नळी लावून वरच्या कडेपासून पंधरा मिनिटे पाणी सोडावे आणि खाली उभे राहून पाहावे. गळती दिसली तर ती जागा खडूने खाली फरशीवर टिपावी. वर चढून दिसेल तेथे सिलिकॉन फासू नये, कारण पाणी शिरते एकीकडे आणि टपकते दुसरीकडे. हे सगळे मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात उरकले तर दुरुस्तीला वेळ उरतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात कारागीर फोन उचलत नाहीत.

९. धुणे आणि देखरेख

वर्षातून दोनदा धुतले तर पुरे: एकदा चवथीच्या साफसफाईत आणि एकदा शिमग्यानंतर. आधी नुसते पाणी सोडून वाळूचे कण घालवावेत, मग भांडी घासायच्या पातळ साबणाच्या कोमट पाण्यात मऊ फडके बुडवून हलक्या हाताने पुसावे. नारळाचे सोडण, काथ्या, तारेचा ब्रश आणि घासणीची पूड यांतले काहीही लावू नये. केसाएवढा थर काय तो एकच आहे. काच पुसायचे निळे द्रव्य, रॉकेल, थिनर आणि नखांचा रंग काढायचे द्रव्य ही सगळी वर्ज्य. शेवाळ काढायला अ‍ॅसिड मारण्याची सवय अंगणातल्या चिऱ्यांपुरतीच ठेवावी आणि तेथेही छपरावर शिंतोडे उडू देऊ नयेत.

पहिला उन्हाळा पुरा झाला की प्रत्येक वॉशर पुन्हा बोटांनी फिरवून पाहावा. रबर दबून काही स्क्रू सैल झालेले असतात, त्यांना पाव आटा द्यावा. दुपारी शीट अजूनही कटकट वाजत असेल तर आवाज जेथून येतो तेथे कान लावावा: तेथला एखादा स्क्रू भोकाच्या कडेला टेकलेला असतो. तो काढून भोक मिलीमीटरभर रुंद करावे आणि पुन्हा बसवावा.